तंजावरचे चार दिवस, केळीच्या पानावर

आईने साताऱ्याच्या शाळेत 31 वर्षं इतिहास शिकवला. तंजावरचे भोसले हा त्यातला जेमतेम अर्ध्या पानाचा मजकूर. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, 1676च्या सुमारास मिळालेली तंजावरची गादी, आणि 1855मध्ये वारस नाही म्हणून कंपनीने खालसा केलेलं राज्य. मधली जवळजवळ 180 वर्षं पुस्तकात नव्हती. यंदा तिला 72वं लागलं तेव्हा मी विचारलं, कुठे जाऊ या? ती म्हणाली, "त्या अर्ध्या पानाच्या गावाला."

काळजी एकच होती, जेवणाची. आईचा गुडघा दुखरा, साखर सीमारेषेवर, आणि डोक्यात पक्कं बसलेलं की तिकडे नुसता भात. म्हणून ठरवलं, धावपळ करायची नाही. एकाच हॉटेलात चार रात्री मुक्काम, बृहदीश्वराच्या देवळापासून चालत जाता येईल असं ठिकाण, आणि दिवसाची आखणी जेवणाच्या वेळांवर. हे शेवटचं ठरवलं ते फार बरं झालं. तंजावरात खाणावळी घड्याळावर चालतात, आणि ते घड्याळ आपलं नसतं.

पुण्याहून विमानाने चेन्नई, आणि एग्मोर स्टेशनावरून रात्रीची उळवन एक्स्प्रेस. उळवन म्हणजे शेतकरी. कावेरीच्या खोऱ्यात, तमिळनाडूच्या भाताच्या कोठारात जाणाऱ्या गाडीला हेच नाव शोभतं.

पहिला दिवस, बुधवार

उजाडायच्या आत उतरलो. मार्गळी महिना लागला होता, आपला मार्गशीर्ष-पौषाचा सुमार. स्टेशनाबाहेरच्या गल्लीत बायका कंदिलाएवढ्या उजेडात दारापुढे कोलम काढत होत्या आणि कुठल्याशा देवळातून तिरुप्पावै, मार्गळीत म्हणायची भक्तिगीतं, ऐकू येत होती. आई बॅग खाली ठेवून एका कोलमपुढे उभी राहिली. तांदळाच्या पिठाच्या ठिपक्यांभोवती ती बाई एका रेघेत वळसे घेत होती, हात न उचलता. "आमच्याकडे ठिपके जोडतात, इथे ठिपक्यांना वळसा घालतात," आई म्हणाली.

इथे एक शब्द आधीच समजून घ्यावा. तमिळनाडूत पाटीवर 'हॉटेल' लिहिलं असेल तर बहुतेक वेळा तिथे खायला मिळतं, राहायला नाही. राहायचं असेल तर लॉज, रेसिडेन्सी असे शब्द शोधायचे. सैवम म्हणजे शाकाहारी, असैवम म्हणजे मांसाहारी. एवढे दोन शब्द वाचता आले तरी अर्धं काम होतं, आणि रिक्षावाल्याला 'हॉटेल'ला ने म्हटलं तर तो थेट इडलीच्या दारात उतरवतो.

आमचा मुक्काम गांधीजी रोडच्या बाजूला होता. बऱ्याच लॉजमध्ये इथे 24 तासांचा हिशोब असतो. तुम्ही पहाटे पावणेसहाला खोली घेतलीत की तुमचा दिवस पावणेसहाला सुरू. रात्रीच्या गाडीने येणाऱ्याला यासारखी सोय नाही. दुपारच्या बारापर्यंत बाकड्यावर ताटकळायला लागत नाही. (शेवटच्या दिवशी याचीच दुसरी बाजू समोर येते, ते पुढे.)

खोली मात्र पहिल्या फटक्यात चांगली मिळाली नाही. रस्त्याच्या अंगाची, आणि खाली बसगाड्या वळायच्या. तमिळनाडूच्या बसचा हॉर्न ज्याने ऐकलाय त्याला वेगळं सांगायला नको. त्यात एसीमधून पलंगाच्या उशाशी पाणी ठिबकत होतं. खाली काउंटरवर तक्रार केली तर उत्तर मिळालं, मेकॅनिक दहाला येईल. मी वैतागले. आई शांतपणे पुन्हा खाली गेली, आपल्या गुडघ्याकडे बोट दाखवलं, मग कानाकडे, मग झोपेची खूण केली. पाच मिनिटांत मागच्या अंगाची खोली मिळाली. खिडकीतून नारळाची झाडं आणि कोणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेली वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर. तशी तक्रार करायला मला तोवर लाज वाटत होती. वाटू नये. खोली पाहिल्याशिवाय बॅग उघडायची नाही, आणि पटली नाही तर पहिल्या अर्ध्या तासात सांगायचं.

गरम पाणी सकाळी सहा ते नऊ, बाथरूमच्या दारावर तमिळमध्ये आणि इंग्रजीत लिहिलेलं. अंघोळी उरकल्या तेवढ्यात रूमबॉयने दार वाजवलं. पंचविशीचा पोरगा, हातात स्टीलचा थर्मास. "काप्पी, अम्मा?" समोरच्या दुकानातून भरून आणलेली फिल्टर कॉफी, सोबत दोन पेले. या गावाच्या पाहुणचाराची पहिली खूण तो थर्मास.

नाश्ता खोलीभाड्यात धरलेला होता, पण वर काचेच्या खोलीत झाकणाखाली ठेवलेल्या इडल्या पाहून आई म्हणाली, "बाहेर कुठे गर्दी दिसतेय का बघ." कालव्याच्या पलीकडे दिसली. आत संगमरवरी टेबलं, भिंतीवर मुरुगनची तसबीर, दारातच गल्ल्यावर बसलेले मालक कपाळावर विभूती लावलेले. मेनूकार्ड नाही. वाढपी येतो आणि एका श्वासात सगळं म्हणून दाखवतो: इडली-वडै-पोंगल-पूरी-दोसै-रवा दोसै-ऊत्तप्पम. आम्ही पोंगल आणि वडा म्हणालो.

पोंगल म्हणजे तांदूळ आणि मुगाची डाळ आसट शिजवून, वर तुपात परतलेली अख्खी मिरी, जिरं, आलं, काजू. आपल्या मऊ खिचडीचाच भाऊ. आईने पहिला घास घेतला आणि मान हलवली. मग मिरी दाताखाली आली. "आजारी माणसालाही चालेल आणि धट्ट्याकट्ट्यालाही," ती म्हणाली. तिच्या तोंडून याहून मोठी पावती मी क्वचित ऐकली आहे.

कॉफी इथे जरा सावकाश सांगते, कारण चारही दिवस आमचं येणंजाणं तिच्याभोवती फिरलं. पितळेचा पेला आणि त्याच्याखाली पसरट, काठ असलेली पितळेची वाटी, तिला डबरा म्हणतात. पेला काठोकाठ भरलेला आणि इतका तापलेला की उचलताना चिमटीत फक्त वरची कड धरायची. पेल्यातलं डबऱ्यात, डबऱ्यातलं पेल्यात, दोन-तीनदा. त्याने साखर विरघळते, कॉफी पिण्याजोगी निवते आणि वर फेस येतो. गाळणीच्या भांड्यातून थेंब थेंब उतरलेला दाट अर्क, त्यावर उकळतं दूध. बहुतेक ठिकाणी कॉफीत थोडी चिकोरी असते, त्यानेच तो रेंगाळणारा कडसरपणा येतो. आईसाठी मी दोन शब्द पाठ केले: सक्करै कम्मी, साखर कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेबलाशी बसायच्या आतच वाढपी आत ओरडला, "पाट्टीक्कु सक्करै कम्मी!" पाट्टी म्हणजे आजी. आई एकदम घरातली होऊन गेली.

दुपारचं जेवण साडेबाराला. पाटीवर 'मील्स रेडी' लावतात तेव्हाच जायचं. आधी गेलात तर खुर्च्या उलट्या, तीननंतर गेलात तर पातेली घासायला पडलेली. पान अंथरलं जातं ते निमुळतं टोक डाव्या हाताला ठेवून. त्यावर पाण्याचे चार थेंब, तळव्याने पुसून घ्यायचं. मग वरच्या अर्ध्यात मीठ, लोणचं, कूट्टू (डाळ घातलेली भाजी), पोरियल (कोरडी भाजी), अप्पलम (पापड). खालचा अर्धा भाग भातासाठी मोकळा. आणि भात एकदाच संपवायचा नसतो, हे आईला कळायला थोडा वेळ लागला. पहिल्या भातावर घट्ट वरण आणि तूप. तो संपला की पुन्हा भात, त्यावर सांबार. मग भात आणि वत्तकुळंबू, सुकवलेल्या सुंडक्कायचं आंबट-तिखट दाट कालवण. मग रसम. शेवटी दही किंवा ताक. भात एकच, पण पाच जेवणं.

"म्हणजे आपला वरणभात, आमटीभात, ताकभात," आई म्हणाली, "फक्त मधे पोळी नाही." तिच्या डोक्यातला 'नुसता भात' त्या क्षणी मोडला. रसम ती दोनदा मागून प्याली, ओंजळीत घेऊन, शेजारच्या आजोबांचं बघून. पुरे म्हणायला 'पोदुम' म्हणायचं आणि तळहात पानावर आडवा धरायचा. नुसतं बोललं तर वाढपी ऐकत नाहीत.

जेवण झाल्यावर मी पान तसंच ठेवून उठू लागले. शेजारच्या आजोबांनी हाताने थांबवलं आणि आपलं पान दाखवलं. वरची बाजू स्वतःकडे दुमडलेली. जेवण आवडलं याची ती खूण. पान पलीकडे दुमडतात ते दुःखाच्या प्रसंगी. आईने आपलं पान नीट, कागदाची घडी घालावी तसं दुमडलं.

संध्याकाळी बृहदीश्वर. राजराज चोळाने बांधून 1010मध्ये पुरं केलेलं, साठ मीटरच्या वर उंचीचं ग्रॅनाइटचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर. त्याच्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालणार नाही. एवढंच सांगते की उन्हं कलताना दगड मधासारखा होतो आणि त्या वेळी आवारात बसून राहावं, फिरू नये. गावातली माणसं मुलाबाळांना घेऊन फरसबंदीवर येऊन बसतात, जशी आपल्याकडे नदीच्या घाटावर.

या देवळाच्या भिंती म्हणजे हिशोबाच्या वह्या आहेत. कुठल्या दिव्याला किती तूप, कोणाला किती धान्य, सगळं दगडात. त्यातली एक नोंद मला फार आवडते. गणपतीला रोज 150 केळी मिळावीत म्हणून राजाने व्यापाऱ्यांकडे रक्कम ठेवली आणि तिच्या व्याजातून केळी पुरवायची असा करार कोरून ठेवला. हजार वर्षांपूर्वीची मुदत ठेव, तीही केळ्यांसाठी. मी ते सांगितलं तेव्हा आई हसली नाही. म्हणाली, "देवाच्या ताटाची सोय अशीच करावी लागते. नाहीतर राजा गेला की नैवेद्य गेला."

मग ओवऱ्यांच्या नैऋत्य बाजूला गेलो. इथे आमचं येण्याचं कारण होतं. तंजावरच्या सरफोजीराजांनी 1803मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास, मराठीत, देवनागरी लिपीत, भिंतभर. उजेड कमी झाला होता. आईने चष्मा वर केला, मोबाइलचा दिवा लावायला लावला आणि बोटाने हवेत ओळ धरून वाचू लागली. अक्षरं जुन्या वळणाची, शब्द एकमेकांना चिकटलेले. तरी एक-एक नाव सुटत गेलं. चहूबाजूंनी तमिळ, आणि त्या मधोमध आपली भाषा दगडात. पुस्तकात नसलेली पानं तिला तिथे सापडली. पहारेकरी वेळ संपल्याचं सांगायला आला, तिच्याकडे बघितलं आणि थोडा वेळ बाजूला उभा राहिला.

दुसरा दिवस, गुरुवार

राजवाडा. मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांनी सुरू केलेला, मराठ्यांनी वाढवलेला. रंगवलेल्या खांबांचा मराठा दरबार, घंटाघर, चोळकालीन कांस्यमूर्तींचं दालन. त्या मूर्तींपुढे वेळ काढून उभं राहावं. एका दालनात देवमाशाचा अख्खा सांगाडाही आहे, शाळेच्या सहली तिथेच खिळून राहतात.

आईला खरी ओढ सरस्वती महाल ग्रंथालयाची. नायकांच्या काळापासूनचा संग्रह, पण त्याला आजचं रूप दिलं सरफोजीराजांनी. 1798 ते 1832 हा त्यांचा काळ. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेले, वैद्यकाची, ग्रंथांची, चित्रांची आवड असलेले राजे. श्वार्ट्झच्या मृत्यूशय्येपाशी सरफोजी उभे आहेत असं इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनने घडवलेलं संगमरवरी शिल्प शिवगंगा बागेजवळच्या चर्चमध्ये आहे, तेही आम्ही पाहिलं. ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदपत्रांचे गठ्ठे. पाहुण्यांसाठी उघडं असलेलं दालन लहान आहे, पण आईने दीड तास घेतला.

राजवाड्याच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचं मराठी हस्तलिखितही या ग्रंथालयात आहे. हे कळल्यावर आमच्या जेवणाच्या गप्पांना वेगळीच दिशा मिळाली. सांबाराची दंतकथा तर इथे सगळेच सांगतात. व्यंकोजीराजांचे चिरंजीव शाहजीराजे यांच्या वेळी आमटीत घालायला आमसूल संपलं, म्हणून चिंच घातली, आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून त्याला सांबार म्हणू लागले. दंतकथाच ती. पण आमटीत आंबट काय घालायचं या प्रश्नावरून दोन प्रांत जोडले जावेत, यात मला काही अशक्य वाटत नाही. माझ्या सासरी आमसूल, माहेरी चिंच, आणि त्यावरून आजही चर्चा होते.

ग्रंथालयाच्या बाहेर सावलीत आम्ही बोलत बसलो होतो तेव्हा एक वयस्कर गृहस्थ थांबले. पांढरी वेष्टी, हातात छत्री. आमचं बोलणं ऐकून म्हणाले, "पुण्याकडून आलात?" मराठी होतं, पण चाल तमिळ. शब्द एकमेकांत वाहणारे, वाक्याचा शेवट वर जाणारा. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हीच भाषा. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, कधी मराठी लिहायला शिकले नाहीत. आईने त्यांना 'काका' म्हटलं, ते तिला 'अक्का' म्हणाले, आणि दहा मिनिटं दोघं फक्त खाण्याबद्दल बोलले.

"घरी डांगर करता?" त्यांनी विचारलं. उडदाचं पीठ दह्यात कालवून, वर मोहरी-हिंगाची फोडणी. त्यांच्याकडे त्याला डांगर पच्चडी म्हणतात. आई क्षणभर काही बोलली नाही. आमच्या आजीच्या हातचं डांगर, कांदा घातलेलं, भाकरीबरोबरचं. आजी गेल्यापासून आमच्याच घरात ते होत नाही. साताऱ्यात विसरलेला पदार्थ तंजावरच्या घरात अजून दर सणाला होतो. काकांना मी फोटो काढू का विचारलं, ते संकोचले, म्हणून काढला नाही.

रात्री फार काही नाही. इथे रात्री भाताचं जेवण फारसं मिळत नाही, पुन्हा टिफिनच: इडली, दोसा, नाहीतर परोट्टा. तव्याजवळ उभं राहून परोट्टा बघावा. मैद्याचा गोळा आपटून, फिरवून कागदासारखा पातळ करतात, चुण्या घालून गुंडाळतात, आणि भाजून झाल्यावर चार-पाच एकत्र घेऊन दोन्ही हातांनी टाळी वाजवावी तसे बाजूंनी दाबतात. पदर सुटे होतात. आईने एक खाल्ला, मी तीन.

तिसरा दिवस, शुक्रवार

तिरुवैयारूला बसने. तंजावरपासून 13 किलोमीटर. नावाचा अर्थ पाच पवित्र नद्या, आणि रस्त्यात एकामागून एक पूल लागतात तेव्हा नाव पटतं. दोन्ही बाजूंना सांबा हंगामाचं भात, कुठे हिरवं, कुठे पिवळं पडत आलेलं. 'नुसता भात' कुठून येतो ते बघायचं असेल तर हा रस्ता.

कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची समाधी. 1847मध्ये ते गेले. दर वर्षी पुष्य वद्य पंचमीला इथे आराधना होते, शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांची पंचरत्न कीर्तनं गातात. आम्ही गेलो तेव्हा कोणी नव्हतं. एक मुलगी भिंतीला टेकून हळू आवाजात सराव करत होती. आई घाटाच्या पायरीवर बसली आणि पाण्यात हात घातला. मी तिला एकटीला बसू दिलं.

तिरुवैयारूचा अशोका हलवा प्रसिद्ध आहे. मुगाची डाळ, थोडी कणीक, साखर आणि डोळे विस्फारावेत इतकं तूप. केशरी रंग, गरम, चकचकीत. दुकानदार कढईतून पळी भरून देतो आणि तूप कडेने ओघळतं. आईने साखरेचा विचार करून एक चमचा घेतला. मग आणखी एक. मी काही बोलले नाही. अशा गावी अशा दिवशी दोन चमचे चालतात.

त्या गोडाच्या नादात आम्ही घड्याळ विसरलो. बस उशिरा मिळाली, तंजावरात परतेपर्यंत सव्वातीन. 'मील्स रेडी'ची पाटी आत घेतलेली. पहिल्या ठिकाणी नाही, दुसऱ्या ठिकाणी नाही. "साप्पाडु इल्ले." जेवण नाही. उन्हात आईचा चेहरा उतरला. सकाळी घेतलेली रक्तातल्या साखरेसाठीची गोळी आणि पोटात हलवा सोडून काही नाही, मला धास्ती वाटू लागली. तिसऱ्या ठिकाणी, अगदी लहान, चार टेबलांच्या खाणावळीत एक बाई फरशी पुसत होती. तिने आईकडे बघितलं, काही न विचारता खुर्ची ओढली, आत गेली आणि दहीभात घेऊन आली. तयिर सादम. वर कढीलिंब-मोहरीची फोडणी, बाजूला लिंबाचं लोणचं. तो त्यांच्या घरच्यांच्या जेवणातला होता, हे आत ठेवलेली ताटं बघून नंतर लक्षात आलं. पैसे देऊ केले तर तिने निम्मेच घेतले. आईने तिचा हात हातात धरला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

तंजावरला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे कळकळीने सांगेन. टिफिन सकाळी सात ते साडेदहा, जेवण बारा ते अडीच, पुन्हा टिफिन संध्याकाळी सहानंतर, असं धरून चाला. मधल्या वेळी कॉफी मिळेल, वडा मिळेल, जेवण मिळेलच असं नाही. बरोबर वयस्कर माणूस असेल तर पिशवीत केळी ठेवा.

चौथा दिवस, शनिवार

विश्रांती. सकाळी पाऊस भुरभुरला, आई खोलीत पेपर चाळत पडली, तमिळ पेपर, नुसते फोटो बघत. मी थलैयाट्टी बोम्मै आणायला गेले, मान डोलावणाऱ्या तंजावरच्या बाहुल्या. खालचा भाग जड आणि गोल, कितीही पाडली तरी उभी राहणारी बाहुलीही घेतली. दुपारी तेच केळीचं पान, तेच आजोबा. संध्याकाळी पुन्हा देऊळ, पुन्हा ती भिंत. यावेळी आई वही घेऊन गेली होती.

निघायचा दिवस, रविवार

रविवारी इथे काही ठिकाणी इडलीबरोबर कडप्पा मिळतो. मुगाची डाळ आणि बटाटा, ओलं खोबरं, बडीशेप, हिरवी मिरची यांचं पांढरट कालवण. तंजावर-कुंभकोणम पट्ट्याबाहेर मी तो कुठे खाल्लेला नाही. आपल्या वाढप्याने आदल्या दिवशीच बजावलं होतं, नऊच्या आत या, संपतो. साडेआठला पोचलो. मऊ इडली मोडून त्यात बुडवली की बडीशेपेचा वास आधी येतो, मग मिरची. आईने कृती विचारली. वाढपी आत जाऊन आचाऱ्यालाच घेऊन आला. हातवारे, थोडं इंग्रजी, थोडं तमिळ, आणि आईच्या वहीत शिलालेखाच्या ओळींखाली कडप्पाचं साहित्य.

24 तासांच्या हिशोबाची दुसरी बाजू ती हीच. आमची खोली पहाटे पावणेसहाला सुटायची, आणि गाडी रात्रीची. आदल्या रात्रीच काउंटरवर बोलून ठेवलं, अर्ध्या दिवसाचं भाडं भरलं आणि संध्याकाळपर्यंत खोली राहू दिली. आईच्या गुडघ्यासाठी ते पैसे सत्कारणी लागले. आयत्या वेळी विचारलं असतं तर पूर्ण दिवसाचे गेले असते.

संध्याकाळी बॉम्बे स्वीट्समध्ये चंद्रकला. खव्याचं सारण भरून, कडेला मुरड घालून तळलेली आणि पाकात घोळलेली. आईने ती हातात घेतली, मुरड बोटाने तपासली. "पाकातली करंजी," म्हणाली. "मुरड चांगली बसलीय. सुटली नाही." अर्धा किलो घरी न्यायला बांधून घेतली.

मग आमच्या नेहमीच्या ठिकाणी, गाडीसाठी इडल्या. सहा इडल्यांना दोन्ही बाजूंनी तीळतेल आणि मिळगाय पोडी, म्हणजे मिरचीची कोरडी चटणी, चोळून, केळीच्या पानात, वरून वर्तमानपत्र, आणि दोऱ्याचे चार वेढे. मालक गल्ल्यावरून उठले. आईला म्हणाले, "अडुत्त वरुषम," पुढच्या वर्षी. कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

रूमबॉयने बॅगा खाली आणल्या, आईच्या पाया पडला. तिने त्याला बक्षीस दिलं आणि एक बाहुली, ती न पडणारी.

गाडी चेंगलपट्टूच्या आसपास असताना उजाडलं. आई खिडकीशी बसून होती. पुडा सोडला तेव्हा पानाचा, तेलाचा, पोडीचा मिळून वास अख्ख्या डब्यात पसरला. समोरच्या बाईंनी बघून मान डोलावली. तीन इडल्या तिने, तीन मी खाल्ल्या. मग मी पान कागदात गुंडाळायला हात पुढे केला.

"थांब," आई म्हणाली, आणि तिने पानाची वरची बाजू स्वतःकडे दुमडली.